भिंतीवरची बुरशी : पुरावा कोणी द्यायचा?

(घरहक्क व आरोग्य या विषयावर वस्तीतील कार्यकर्त्यांसाठी झालेल्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या विषयाचं नाव 'घरातील बुरशीचे नमुने घेण्याच्या व तपासणीच्या पद्धती' असं छापलं आहे. ते वाचून काहीजणींना वाटलं असेल की हा प्रयोगशाळेतल्या लोकांचा विषय आहे. आपण मोर्चे काढणाऱ्या, पोलीस स्टेशनात जाणाऱ्या, रेशन दुकानदाराशी भांडणाऱ्या बाया. आपला याच्याशी काय संबंध?

संबंध रोजचा आहे. भिंतीला ओल धरली, काळे डाग चढले की पहिली तक्रार कोण करतं? खोकणाऱ्या पोराला कडेवर घेऊन दवाखान्याच्या रांगेत कोण उभं राहतं? गोधड्यांना कुबट वास येतो म्हणून त्या पुन्हा पुन्हा कोण धुतं? आणि एवढं सगळं करून 'तुम्हाला घर नीट ठेवता येत नाही' हे कोणी ऐकून घ्यायचं? ओल हा घराचा प्रश्न आहे, आरोग्याचा आहे, आणि दोष कोणाच्या माथी मारायचा याचाही आहे. म्हणून तो बाईचा प्रश्न आहे.

मी ज्या पुनर्वसन इमारतींमध्ये काम करते, तिथल्या एका इमारतीतल्या बायकांनी दोन पावसाळे अर्ज केले. तिसऱ्या पावसाळ्यात त्यांना सांगण्यात आलं, 'ही बुरशी घातक आहे असा लॅबचा रिपोर्ट आणा, मग बघू.' बायकांनी बचत गटातून पैसे काढले. एक माणूस आला, चार घरांत काचेच्या चार बश्या तासभर उघड्या ठेवल्या आणि घेऊन गेला. आठवड्याने रिपोर्ट आला. त्यात लॅटिन नावं होती आणि पुढे आकडे. तो घेऊन बायका गेल्या, तेव्हा उत्तर मिळालं, 'अशी बुरशी तर हवेत सगळीकडेच असते.' झालं. पैसे गेले आणि ओल तिथेच राहिली.

आता गंमत अशी की ते उत्तर अर्धं खरं होतं. बुरशी हवेत सगळीकडे असतेच. मग तो रिपोर्ट मागितला कशाला? या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर आपल्याला चाचण्यांची माहिती हवी. जिला माहिती नसते तिला कोणीही लॅबच्या दारात उभं करू शकतं.

आधी बुरशी म्हणजे काय ते पाहू. बुरशी बारीक तंतूंनी वाढते आणि बीजाणू सोडते. हे बीजाणू साधारण २ ते १० मायक्रॉनचे, म्हणजे एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशेबातले. डोळ्यांना ते दिसत नाहीत. दिसतो तो त्यांचा डाग. क्लॅडोस्पोरियम, पेनिसिलियम, अॅस्परजिलस ही घरात नेहमी सापडणारी नावं. बीजाणू खिडकीतून येतात, कपड्यांवरून येतात, त्यांना अडवता येत नाही. त्यांना खायला रंग, लाकूड, कागद, कापड, साधी धूळसुद्धा पुरते. कमी असते ती फक्त ओल. भिंतीला लागून असलेल्या हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर अनेक दिवस राहिली, की बुरशी धरते. म्हणून बुरशीचा प्रश्न मुळात पाण्याचा प्रश्न आहे. पाणी कुठून येतं ते सापडलं, की बुरशीचं कारण सापडलं.

दोन गैरसमज इथेच दूर करू. २०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेत आपण 'काळी बुरशी' हा शब्द ऐकला. तो आजार म्युकरमायकोसिस. मधुमेह असलेल्या आणि स्टेरॉइड दिलेल्या रुग्णांना त्याने गाठलं. शरीरातला भाग मरून काळा पडतो म्हणून त्याला ते नाव पडलं. भिंतीवरचा काळा डाग म्हणजे तो आजार नव्हे. दुसरं, ओलीमुळे क्षयरोग होतो असं म्हटलं जातं. क्षयरोग जंतूंमुळे होतो, बुरशीमुळे नाही. पण ज्या घरात हवा नाही, ऊन नाही, त्या घरात ओलही टिकते आणि क्षयाचे जंतूही हवेत रेंगाळतात. मुंबईच्या एम पूर्व विभागातल्या तीन पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. इमारती किती जवळजवळ बांधल्या, घरात हवा-उजेड किती येतो, याचा क्षयरोगाशी संबंध त्यात दाखवला आहे. दोन्ही गोष्टींचं मूळ एकच, बांधकाम.

मग भिंतीवरच्या बुरशीने होतं काय? जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. ओलसर घरात राहणाऱ्यांना खोकला, घरघर, दमा, श्वसनाचे आजार यांचा त्रास जास्त होतो हे त्यात स्पष्ट म्हटलं आहे. लहान मुलं, दम्याचे रुग्ण, प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसं यांना धोका अधिक. आणि त्यातली आपल्या सर्वांत कामाची गोष्ट ऐका. हवेत अमुक इतके बीजाणू असले की घर सुरक्षित आणि तितक्याच्या वर धोकादायक, असा आकडा देता येत नाही, असं या संघटनेने सांगितलं. अमेरिकेतही केंद्र सरकारने अशी मर्यादा ठरवलेली नाही. आकडाच ठरलेला नसताना 'घातक असल्याचा रिपोर्ट आणा' या मागणीला अर्थ काय उरतो?

आता चाचण्या एकेक करून पाहू.

सर्वांत स्वस्त चाचणी म्हणजे पोषक थर दिलेली काचेची बशी उघडी ठेवायची, आणि तिच्यावर जे पडेल ते वाढवायचं. आपल्याकडे हीच जास्त विकली जाते आणि हीच सर्वांत कमकुवत आहे. जड बीजाणू बशीत पडतात, हलके तरंगत राहतात. किती हवेतून किती बीजाणू आले याचा हिशेबच लागत नाही. अशा बशीत काही ना काही उगवतंच. त्यामुळे 'बुरशी आढळली' या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही.

दुसरी चाचणी, पंपाने हवा ओढून घेणं. एका प्रकारात मोजून घेतलेली हवा चिकट पट्टीवर आदळवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू मोजतात. साधारण मिनिटाला १५ लिटर या वेगाने ५ ते १० मिनिटं हवा घेतली जाते. दुसऱ्या प्रकारात ती हवा बशीवर सोडून बुरशी वाढवतात. यात एका घनमीटर हवेत किती, असा आकडा मिळतो. पण तो आकडा त्या पाच-दहा मिनिटांचा. तेवढ्यात कोणी झाडू मारला, गादी झटकली की आकडा चढतो. पट्टीवर पेनिसिलियम आणि अॅस्परजिलस वेगळे ओळखता येत नाहीत. बशीत मेलेले बीजाणू उगवत नाहीत, आणि अॅलर्जी तर मेलेल्या बीजाणूंनीही होते. शिवाय घरातल्या हवेची तुलना त्याच वेळच्या बाहेरच्या हवेशी करावी लागते. बाहेरचा नमुना घेतला नसेल तर तो रिपोर्ट अर्धवट समजा. आपल्याकडे पावसाळ्यात बाहेरच बीजाणू भरपूर आणि खिडक्या दिवसभर उघड्या. मग आत-बाहेरचा फरक पुसट होतो आणि रिपोर्ट 'सर्वसाधारण' येतो. भिंत मात्र काळीच राहते.

तिसरी चाचणी पृष्ठभागाची. पारदर्शक चिकटपट्टी डागावर दाबायची, काचपट्टीवर लावायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. किंवा निर्जंतुक कापसाचा बोळा फिरवून लॅबमध्ये वाढवायचा. कधी गिलाव्याचा, लाकडाचा तुकडाच काढून देतात. डाग बुरशीचा आहे की काजळीचा, की नुसत्या मळाचा, हे चिकटपट्टीने बऱ्यापैकी कळतं. मात्र ते त्या जागेपुरतंच कळतं, हवेबद्दल काही नाही. अमेरिकेत 'विषारी काळी बुरशी' म्हणून गाजलेली स्टॅकिबोट्रिस नेहमीच्या बशीत नीट वाढत नाही, त्यामुळे बशीत ती दिसली नाही म्हणजे भिंतीवर नाहीच, असं म्हणता येत नाही. नुसत्या रंगावरूनही जात ओळखता येत नाही.

चौथी, धुळीतल्या डीएनएची चाचणी. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेत ३६ प्रकारच्या बुरशींवरून घराचा निर्देशांक काढण्याची पद्धत तयार झाली. पण ती संशोधनासाठी आहे, रोजच्या तपासणीसाठी तिची शिफारस करत नाही, असं तीच संस्था सांगते. खर्च मोठा आणि उपयोग थोडा.

हीच संस्था आणखी एक गोष्ट सांगते, ती वहीत लिहून घ्या : बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर बहुतेक वेळा नमुना घेण्याची गरज नसते. जात कोणतीही असो, उपाय एकच. पाणी थांबवा, बुरशी काढा. घरात पाणी तुंबत असताना ते विहिरीचं की नळाचं, याचा रिपोर्ट कोणी मागत नाही!

मग आपण करायचं काय? तपासणी करायचीच, पण बुरशीच्या जातीची नाही, ओलीची. त्यासाठी लागतं ते बहुतेक घरातच मिळतं.

पहिलं साधन डोळे, नाक आणि हात. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या नायोश या सरकारी संस्थेने २०१८ मध्ये इमारतींसाठी एक साधा तक्ता तयार केला. प्रत्येक खोली घ्यायची. छत, भिंती, खिडक्या, लादी, सामान असे भाग पाडायचे. प्रत्येक भागात ओलीचे डाग, दिसणारी बुरशी, प्रत्यक्ष ओलावा यांना ० ते ३ गुण द्यायचे. काही नसेल तर ०. कागदाच्या ताव्याएवढं असेल तर १. त्याहून मोठं पण दरवाजाएवढं असेल तर २. दरवाजाहून मोठं असेल तर ३. कुबट वास नाही, थोडा, मध्यम, उग्र, यालाही तसेच गुण. तो तक्ता कामाच्या जागांसाठी आणि शाळांसाठी केला आहे, पण आपल्या दहा बाय बाराच्या खोलीला तो सहज लावता येतो. दहावी झालेली मुलगी एका दुपारी एक मजला पूर्ण करू शकते. दर महिन्याला तोच तक्ता भरला, की ओल वाढते की घटते ते कागदावर दिसतं.

डागाचा फोटो काढताना शेजारी मोजपट्टी धरा. खोली नंबर, मजला, भिंतीची दिशा, तारीख, पाऊस होता का, हे लिहा. पावसाळ्याआधी एक, भर पावसात एक, दिवाळीनंतर एक, असे किमान तीन फोटो हवेत. आणि एक खोली पाहू नका, पूर्ण उभी रांग पाहा. तळमजल्यापासून सातव्या मजल्यापर्यंत एकाच कोपऱ्यात ओल असेल, तर तो सामायिक पाइपाचा किंवा बाहेरच्या भिंतीचा दोष असण्याची शक्यता मोठी. आठ घरांतल्या आठ बायकांना एकाच कोपऱ्यात घर नीट ठेवता येत नाही, असं तर कोणी म्हणणार नाही ना?

दुसरं साधन आर्द्रतामापक. हे घड्याळासारखं छोटं यंत्र काहीशे रुपयांत मिळतं. घरात आर्द्रता ६० टक्क्यांखाली ठेवा, असा सल्ला दिला जातो. मुंबई-कोकणात पावसाळ्यात बाहेरच ८० च्या वर असते, म्हणून त्या चार महिन्यांचा आकडा एकटा धरू नका. हिवाळ्यात बाहेरची हवा कोरडी झाल्यावरही एखाद्या खोलीत आकडा उतरत नसेल, तर तिथे पाणी कुठून तरी येतंय किंवा हवा खेळत नाही. भिंतीत टोचण्याचं ओलावामापक यंत्रही असतं. ते बहुधा लाकडासाठी बेतलेलं असतं. भिंतीवर त्याचा आकडा खरा धरायचा नाही, फक्त तुलना करायची, ओली भिंत आणि त्याच घरातली कोरडी भिंत. जिथे पांढरा लोणा फुटला आहे तिथे क्षारांमुळे आकडा उगाच जास्त येतो, हेही लक्षात ठेवा.

तिसरं साधन सर्वांत सोपं आणि आपल्या भांडणात सर्वांत उपयोगी. पोळ्या गुंडाळायची चांदीसारखी फॉइल घ्या. भिंतीचा हातभर भाग पुसून कोरडा करा. त्यावर फॉइल लावून चारही कडा पट्टीने घट्ट बंद करा. एक-दोन दिवसांनी पाहा. फॉइलच्या बाहेरच्या, म्हणजे खोलीकडच्या बाजूला दव असेल, तर खोलीतल्या हवेची वाफ थंड भिंतीवर धरते आहे. आतल्या, भिंतीकडच्या बाजूला पाणी असेल, तर पाणी भिंतीतून येत आहे. भिंतीतून येणारं पाणी स्वयंपाकाचं नसतं आणि वाळत घातलेल्या कपड्यांचंही नसतं. पाच घरांत एकाच वेळी हे करा, दोन साक्षीदारांसमोर उघडा, फोटो काढा, पंचनाम्यासारखं लिहून सह्या घ्या.

समजा, दव बाहेरच्या बाजूला आलं. तरी दोष बाईचा ठरतो का? पाणी दिवसातून तासभर येतं म्हणून ती पिंप भरून ठेवते. गॅलरी नाही म्हणून कपडे घरात वाळवते. स्वयंपाकाच्या ओट्याजवळ खिडकी नाही, किंवा आहे ती समोरच्या इमारतीपासून हातभर अंतरावर उघडते. जागाच तशी बांधली असेल तर वाफ जाणार कुठे? वाफेला वाट काढून देणं हेही घर बांधणाऱ्याचंच काम आहे.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये गेला. आईबाप सुदानमधून आलेले, घर एका सामाजिक गृहसंस्थेचं. भिंतींवर बुरशी होती. वडिलांनी २०१७ पासून तक्रार केली, तेव्हा त्यांना वरून रंग मारायला सांगितलं गेलं. हे कुटुंब राहतंच तसं, आंघोळ तशा पद्धतीने करतं, असं गृहसंस्थेच्या लोकांनी मनाशी धरलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने निष्कर्ष दिला की घरातल्या बुरशीच्या दीर्घ संपर्काने श्वसनाचा गंभीर विकार होऊन हे मूल दगावलं. त्याच्या एक वर्ष आधी, २०२१ मध्ये, तिथल्या गृहनिर्माण लोकपालाने ओल आणि बुरशीवर अहवाल दिला होता. त्याच्या शीर्षकातच म्हटलं होतं की हा राहणीमानाचा दोष नव्हे. पुढे २०२३ मध्ये कायदा झाला आणि ऑक्टोबर २०२५ पासून त्याचे नियम लागू झाले. सामाजिक घरांत तातडीचा धोका असेल तर २४ तासांत कारवाई, आणि ओल-बुरशीचा गंभीर धोका असेल तर तक्रारीनंतर कामाच्या १० दिवसांत पाहणी. यात भाडेकरूने आधी लॅबचा रिपोर्ट आणावा अशी अट नाही. तक्रार आली की पाहणी मालकाने करायची. पुराव्याचं ओझं असं उलट फिरवता येतं, हे या कायद्याने दाखवलं.

मग लॅबची चाचणी कधीच करायची नाही का? तसं नाही. वास येतो पण बुरशी दिसत नाही. कपाटामागे, खोट्या छतात दडली असेल असा संशय आहे. डाग बुरशीचा की काजळीचा हा वाद आहे. किंवा घरात प्रतिकारशक्ती खालावलेला रुग्ण आहे आणि डॉक्टरांनी विशिष्ट कारणासाठी मागितली आहे. किंवा कोर्टात तज्ज्ञ उभा करायचा आहे. अशा वेळी जरूर करा. पण पैसे देण्याआधी चार प्रश्न विचारा : नमुना कोणत्या पद्धतीने घेणार? बाहेरच्या हवेचा नमुना घेणार का? न वापरलेला कोरा नमुना तुलनेसाठी लॅबला देणार का? आणि निकाल काहीही आला तरी पुढची कृती बदलणार आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर ते पैसे दुरुस्तीच्या लढ्यासाठी ठेवा. जो चाचणी करतो तोच बुरशी काढण्याचं कंत्राट घेत असेल, तर दोनदा विचार करा.

तक्रार कुठे करायची? सहकारी गृहनिर्माण संस्था असेल, तर आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची आणि सामायिक पाइपांची गळती संस्थेने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची असते. घरातल्या संडास-बाथरूमची गळती सदस्याने. विकत घेतलेलं नवं घर असेल, तर २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत सांगितलेला बांधकामाचा दोष बिल्डरने ३० दिवसांत, पैसे न घेता, दूर करायचा आहे. उपकरप्राप्त जुनी चाळ असेल तर म्हाडाचं दुरुस्ती मंडळ आहे. अर्जाबरोबर तक्ता, फोटो, फॉइलचा पंचनामा जोडा आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. सगळ्या खोल्यांचे अर्ज एकाच दिवशी, एकत्र द्या.

दुरुस्ती होईपर्यंत बुरशी काढावी लागतेच. साबणाच्या पाण्याने, ओल्या फडक्याने काढा. कोरडी खरवडू नका, बीजाणू उडतात. नाकातोंडावर मास्क, हातात मोजे हवेत. दमा असणाऱ्यांना आणि मुलांना तेवढा वेळ बाहेर ठेवा. ब्लीच आणि संडासाचं अॅसिड एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. आपल्या घरकामगार बहिणी इतरांच्या बाथरूमची बुरशी अशाच रसायनांनी घासतात. मोजे-मास्क मागणं हा त्यांचा हक्क आहे, हे संघटनेच्या बैठकीत मांडा. पूर आला तर भिजलेलं सामान २४ ते ४८ तासांत वाळवावं असं पुस्तकात लिहिलेलं असतं. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि २०२१ मध्ये चिपळूणला ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांना ते कसं शक्य होतं? म्हणून पुरानंतरच्या मदतीत गाद्या-अंथरुणं बदलून मिळावीत, ही मागणी आपण नेहमी धरायला हवी.

इथून जाताना प्रत्येक गटाने एक इमारत किंवा एक चाळ ठरवावी. जूनच्या आधी पहिला तक्ता भरावा आणि दिवाळीनंतर तिन्ही तक्ते घेऊन आपण पुन्हा बसू. एका घराची ओल ही तक्रार ठरते. चाळीस घरांची ओल, तारखांसह, सह्यांसह, हा पुरावा ठरतो. असा पुरावा समोर ठेवल्यावर उत्तर देण्याची पाळी त्यांची.